मदत हवी आहे : शैक्षणिक कर्ज सरकारी बँकेचं की खासगी कंपनीचं?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर हवंय, शुक्रवारी फी भरायची शेवटची तारीख आहे. सरकारी बँक ९.२५ टक्के म्हणते, पण महिनाभर नुसती कागदं मागतेय. खासगी फायनान्सवाला १२.७५ ने दोन दिवसांत ११ लाख मंजूर करून देतो म्हणतो, तारण नको. घेऊन टाकावं का? "आमच्या वेळी" वगैरे नको, प्लीज.

गवतीचहा
कोर्स कुठला? देशात की बाहेर? कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) की मॅनेजमेंट कोट्यातून? घरचं उत्पन्न? नुसता दर सांगून कोण काय सांगणार?

तिरपागडा
खासगी घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या मुलीचं एमएस खासगी कर्जावरच झालं, घरी येऊन सह्या नेल्या. सरकारी बँकेत साहेब रजेवर, नाहीतर सर्व्हर डाऊन. साडेतीन टक्क्यांसाठी पोराचं वर्ष घालवणार का?

भीमाकाठ
कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, पुणे. कॅपमधूनच. फी १ लाख ६०, हॉस्टेल-मेस धरून वर्षाला २ लाख ७०. आता सांगा.

खारीबटर
सगळ्यांना कॉम्प्युटरच का लागतं हो? सिव्हिलला कुत्रं विचारत नाही आणि मग पूल पडले की आपणच बोंबलतो.

शाखाधिकारी_निवृत्त
उभी हयात बँकेत गेली म्हणून लिहितो. आयबीएच्या, म्हणजे बँकांच्या संघटनेच्या, आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही. ४ ते साडेसात लाखांना जामीनदार. त्याच्या वर गेलात की तारण. तुम्ही ११ लाख मागितलेत, म्हणून कागदं मागतायत. यात मॅनेजरचा आळस थोडा, तुमचा आकडा जास्त.
दुसरं, सरकारी बँकेत कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही, आणि त्या काळात सरळव्याज. खासगीवाले बहुतेक वेळा पहिल्या महिन्यापासून व्याज भरायला लावतात. पहिल्या वर्षी २ लाख उचलले तरी १२.७५ ने वर्षाचे साडेपंचवीस हजार झाले. त्याच्या कागदावर प्रोसेसिंग फी आणि विमा बघितलात का?

भीमाकाठ
बघितलं. प्रोसेसिंग दीड टक्का, वर जीएसटी. विम्याचे ३१ हजार कर्जातच धरलेत. विचारलं तर म्हणे "सर, तो कंपल्सरी आहे."

शाखाधिकारी_निवृत्त
कंपल्सरी आहे हे लेखी मागा. गडी फोन उचलायचा बंद होईल.

तिरपागडा
निवृत्त साहेब, तुमच्या काळात मिळत असेल. आज शाखेत जाऊन बघा. "तुमच्या पत्त्याजवळच्या ब्रँचला जा" एवढं एकच वाक्य पाठ आहे त्यांना.

शाखाधिकारी_निवृत्त
म्हणूनच सरकारच्या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज करावा. मग "अर्जच आला नाही" म्हणता येत नाही. नाकारलं तर कारण नोंदवावं लागतं.

मुक्काम_नागपूर
पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना बघा ना! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत.

गवतीचहा
कॉलेज यादीत असेल तरच. यादी एनआयआरएफवरून (कॉलेजांच्या सरकारी क्रमवारीवरून) काढतात, पुण्यातली सगळी कॉलेजं त्यात नाहीत. आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ती ३ टक्के सवलत मिळत नाही. धागाकर्ते, उत्पन्नाचं अजून सांगितलं नाहीत.

भीमाकाठ
यादीत नाही, बघितलं. उत्पन्न म्हणजे कुणाचं? मुलगा माझा नाही, भाचा आहे. ताई-मेहुणे बार्शीजवळ असतात. किराणा दुकान, थोडी शेती, ताई अंगणवाडीत. तहसीलदाराचा दाखला ६ लाखांचा आहे. घर गावठाणात आणि बाकी शेतजमीन, दोन्ही तारण म्हणून बँकेला नको. मेहुण्यांनी ट्रॅक्टरचं कर्ज पूर्ण न फेडता सेटल केलं होतं, त्यामुळे सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब. खासगीवाला म्हणतो तुम्ही सहकर्जदार व्हा, तुमची पगाराची स्लिप चालते.

गवतीचहा
हे पहिल्या पोस्टीत लिहायचं की हो!
सहकर्जदार झालात की ११ लाख तुमच्या सिबिलवर दिसणार. उद्या स्वतःला घरकर्ज घ्यायला गेलात तर तेवढी पात्रता कमी. वर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलतही तुम्हाला नाही. ती स्वतः, जोडीदार, मुलं किंवा कायदेशीर पालक असाल तर, मामाला नाही.

तिरपागडा
मामाने भाच्यासाठी एवढं नाही करायचं तर कुणी करायचं? सगळीकडे सिबिल घेऊन बसायचं का?

गवतीचहा
मग तुम्ही व्हा सहकर्जदार.

कलम_३७०२
केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. रिट दाखल करा.

खारीबटर
शुक्रवारी फी भरायचीय आणि हे हायकोर्टात पाठवतायत. 😀

जर्सीकर
इकडे अमेरिकेत मुलांनी आधी फाफसा (सरकारी मदतीचा अर्ज) भरून फेडरल, म्हणजे सरकारी, कर्जच घ्यावं, खासगीला हात लावू नये. मात्र पेरेंट प्लसला, म्हणजे पालकांच्या नावावरच्या फेडरल कर्जाला, १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना वर्षाला २० हजार डॉलर आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे.

मुक्काम_नागपूर
बार्शीहून फाफसा कसा भरायचा तेही लिहा.

शाखाधिकारी_निवृत्त
मुद्द्यावर या. ६ लाखांचा दाखला आणि कॅपची सीट आहे ना? मग राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं (मुलगी असती तर सगळी). अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. १ लाख ६० मध्ये ट्यूशन किती?

भीमाकाठ
१ लाख ४०, बाकी डेव्हलपमेंट.

शाखाधिकारी_निवृत्त
म्हणजे वर्षाला ७० हजार वाचले. चार वर्षांचे १० लाख ८० होते ते ८ लाखांवर आले. ५० हजार घरचे घाला, साडेसातात बसलं, तारणाचा प्रश्न मिटला. सहकर्जदार ताईंना करा, आईही चालते. त्यांच्या नावावर कर्जच नसेल तर सिबिलला इतिहास नाही असं दिसेल; खराब इतिहासापेक्षा ते बरं. जामीनदार म्हणून गावातला एखादा शिक्षक बघा.

भीमाकाठ
पण शुक्रवारचं काय? बँक तोवर देणार नाहीच.

गवतीचहा
पात्र मुलाकडून कॉलेजने निम्मीच ट्यूशन घ्यायची असते. म्हणजे ७० अधिक २०, शुक्रवारी ९० हजार. तेवढे मामाने उसने द्यावेत, पावती जपून ठेवावी. भरलेली फी कर्जातून परत मिळेल का, हे बँकेला आधीच विचारा, नंतर नाही.

भीमाकाठ
कॉलेजात फोन केला, क्लार्क म्हणते पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. उद्या मेहुणे दाखला घेऊन पुण्यात येतायत, मीही जातो.

मुक्काम_नागपूर
जाताना महाडीबीटीच्या अर्जाची प्रत आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर न्या. क्लार्कशी वाद नको, शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीवर जा.

खारीबटर
दाखला ह्याच वर्षीचा आहे ना?