मदत हवी आहे: जुना मॅसी १०३५, वायरिंग आणि रंग

मंडळी, वडिलांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर पुन्हा उभा करतोय. इंजिन झालं, पंप-नोझल तपासून आणले, त्याची चिंता नाही. अडलंय ते वायरिंगपाशी.

जुन्या वायरी उंदरांनी संपवल्यात. गाडीला डायनामो आणि कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला. दोन ५५ वॅटचे हेडलाइट म्हणजे ९ अँपियर तिथेच गेले, आणि कमी आरपीएमवर डायनामो काहीच देत नाही. म्हणून १२ व्होल्टचा अल्टरनेटर बसवून मायनस बॉडीला करायचा विचार आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सेल्फही (स्टार्टर मोटर) बदलावा लागेल. मला पटत नाही. आत मॅग्नेट नाही, फील्ड कॉइल आहे, तो फिरणार त्याच बाजूला. बरोबर ना? अँपिअर मीटरच्या वायरी फक्त उलट करायच्या, की ३० अँपियरचा जुना मीटर काढून व्होल्टमीटरच लावावा? सेल्फची केबल २५ स्क्वेअर एमएमची पुरेल की ३५ची घेऊ?

रंग मूळचाच ठेवणार: बोनेट-मडगार्ड लाल, इंजिन-गिअरबॉक्स राखाडी. मधे कुणीतरी ब्रशने इनॅमल फासलंय. त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तर सुरकुत्या येतील ही भीती आहे. सगळं पत्र्यापर्यंत खरवडून इपॉक्सी प्रायमर मारू, की रेड ऑक्साइडवर भागेल? गिअरबॉक्सवरचं वर्षानुवर्षांचं तेल डिझेलने धुतलं, तरी चिकटपणा जात नाही. त्यावर रंग धरायला काय वापरता?

स्वतः केलेल्यांनी सांगा. नव्या वायरिंगचे फोटो असतील तर फारच बरं.