पणजोबांच्या मागे कोण? कागद तुटपुंजे असताना पूर्वज कसे शोधता?

चिंचपाणी: पितृपक्षात गुरुजी वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं विचारतात आणि कित्येक घरांत तिसऱ्यालाच गाडी अडते. म्हणून हा धागा. सातबारा मागत बसू नका, तो ताजा असतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार (नमुना ६, जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढा आणि उलटे वाचत मागे जा. "मयत, वारस अमुक" या एका ओळीत एक पिढी सुटते. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर ते एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे बाकीचे भाऊ कागदावर नसणार.

मोडीखोर: जुन्या कागदांत बिन = चा मुलगा, कोम = ची बायको. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच घरात दोन राणोजी. साल न बघता जोडलंत की पणतू पणजोबांचा बाप होतो 😀

रानजाई: साल कसं काढायचं ते पण सांगा की. शक + ७८ (जानेवारी ते गुढीपाडवा ७९). मराठवाड्यात फसली (निजामाच्या काळातलं महसुली साल), त्यात साधारण ५९० मिळवा. तिकडे जुने कागद उर्दूत.

काळीमाती: जमीनच नसेल तर? कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) म्हणून नोंद बघा. नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक: जन्म-मृत्यू. शाळेचं जनरल रजिस्टर. तारखेवर विसंबू नका, अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय.

चिंचपाणी: 😂 शाळेतल्या गुरुजींची कृपा!

त्र्यंबकवाट: त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या उपाध्यांकडे घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या वह्या असतात. मूळ गाव सांगा. पुणे-मुंबई सांगितलंत तर वही सापडणारच नाही. पाटील, कुलकर्णी ही वतनं (गावकामाची वंशपरंपरागत पदं); त्याआधीचं आडनाव वेगळं असू शकतं, तेही विचारा.

रानजाई: कुकर लावलाय, पळते. बायकांची माहेरची नावं मात्र कुठेच नाहीत, चीड येते.

मोडीखोर: खरंय. माहेरच्या गावचे वारस फेरफार बघा, तिथे कधी कधी लेकी सापडतात.

सागरपार: मॉरिशसला गेलेल्यांसाठी तिथल्या मोका (Moka) गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदी. गिरमिटिया (करारावर नेलेला मजूर) क्रमांक असेल तर बापाचं नाव, गाव, जहाज मिळतं. गावाचं नाव कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, तेव्हा मोठ्यांदा वाचून बघा.

काळीमाती: रुमाल (जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) सोडताना तोंडाला फडकं बांधा, धूळ भयंकर. आणि अकराच्या आत पोचा, जेवणाच्या सुट्टीनंतर कोणी गाठ सोडत नाही.