गुलाबावर आढळलेला केसाळ सुरवंट कोणता?

प्रश्न
दाराजवळच्या गुलाबावर काल मला एक अनोळखी सुरवंट दिसला. त्याची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असून डोके लालसर आहे, पाठीवर ब्रशसारखे फिकट पिवळ्या केसांचे चार आखूड झुपके आहेत, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी काळ्या केसांचे लांब तुरे शिंगांसारखे पुढे आले आहेत आणि मागच्या टोकालाही तसाच एक तुरा आहे. घरात रांगते मूल असल्यामुळे हा सुरवंट कोणता आणि त्याच्यापासून कितपत धोका आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर १
केवळ रंगावरून सुरवंट ओळखू नये, कारण कात टाकताना तो बदलतो. मात्र आपण केसांची ठेवण नेमकी टिपली आहे. पाठीवरचे चार झुपके आणि पुढे आलेले दोन तुरे ही टसॉक पतंगांच्या ऑर्गिया या प्रजातीची खूण आहे. पाठीच्या मागच्या भागात, मध्यरेषेवर, एकामागे एक असे दोन लहान रंगीत उंचवटे आहेत का, तेही पाहावे. त्या ग्रंथी असतात आणि त्या दिसल्यास टसॉक कुळाविषयी शंका उरत नाही. नेमकी जाती सांगण्यासाठी कोषातून बाहेर पडलेला नर पतंग पाहणे अधिक खात्रीचे ठरेल.

उत्तर २
मुलाला त्याच्यापासून अवश्य दूर ठेवावे. मी एकदा रिकामा कोष उघड्या हाताने काढला आणि मनगटावर दोन दिवस पुरळ राहिले, कारण सुरवंटाचे केस कोषातही विणलेले असतात. केस टोचल्यास ती जागा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी, म्हणजे केस निघून येतात, आणि मग साबणाने धुवावे. डोळ्यात केस गेल्यास मात्र पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

उत्तर ३
एक सुरवंट काठीने उचलून दूर ठेवला तरी पुरे. औषध फवारण्याची मला गरज वाटत नाही. या प्रजातीच्या मादीला उडता येत नाही, ती बहुधा स्वतःच्या कोषावरच अंडी घालते, म्हणून आजूबाजूच्या भिंती आणि कुंड्यांच्या कडा तपासाव्यात.

प्रश्नकर्ता
आपल्या सर्वांचे मनापासून आभार. ते दोन्ही उंचवटे स्पष्ट दिसले. खिडकीखाली एक कोष आणि त्यावर पांढुरक्या अंड्यांचा थर सापडला. हातमोजे घालून तो काढला आहे.