मदत हवी आहे: गटाचं उत्तर बरोबर येतं, पण एकट्याला लिहायला सांगितलं की चुकतं

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा वर्ग, रोज साठेक मुलं. काटोल, उमरेडकडून एसटीनं येणारी बरीच. पुस्तक इंग्रजीत, घरची भाषा मराठी, आपसात हिंदी.

४८ मिनिटं सलग बोलले की शेवटी मला फक्त खाली वळलेल्या माना दिसायच्या. म्हणून यंदा तास तोडला: १२ मिनिटं मी शिकवते, मग चौघांच्या गटाला एक प्रश्न, मग परत १२ मिनिटं मी. बाक जमिनीला ठोकलेले आहेत, त्यामुळे पुढचे दोघं मागे वळून बसतात. वर्ग बोलू लागला, याचा मला खूप आनंद आहे.

पण रासायनिक समतोल (पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगानं चालते ती स्थिती) शिकवताना विचारलं: बंद भांड्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया समतोलात आहेत. तापमान आणि आकारमान तेच ठेवून आत अरगॉन सोडला तर समतोल कुठे सरकेल? १५ पैकी ११ गटांनी बरोबर सांगितलं, सरकणार नाही. आठवड्यानं चाचणीत तोच प्रश्न, फक्त अरगॉनच्या जागी हेलियम. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘दाब वाढला, म्हणून अमोनियाकडे.’ म्हणजे गटात एकाला कळलं होतं आणि तिघांनी मान डोलावली होती. ते पेपर तपासताना फार वाईट वाटलं.

गट सोडायचे नाहीत. अमेरिकेतले संशोधक फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८. माझ्या वर्गात हा फरक मला हवा आहे. पण प्रत्येकाला कळलं की नाही, हे तासातच कसं ओळखायचं? आणि गट मी पाडायचे की मुलांना पाडू द्यायचे?

प्रतिसाद १
मॅडम, प्रश्न दिला की लगेच गटात सोडू नका. आधी दोन मिनिटं वर्ग गप्प. प्रत्येकानं आपलं उत्तर आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचं. मग पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच पद्धत रुजवली. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तरच चर्चा. त्याहून कमी असतील तर तो भाग परत शिकवा, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. चर्चेनंतर पुन्हा बोटं. मी भौतिकशास्त्राला वर्षानुवर्षं हेच केलं.

प्रतिसाद २
गटात १ ते ४ नंबर द्या आणि उत्तर कोण सांगणार हे चर्चा संपल्यावर चिठ्ठी काढून ठरवा. मग हुशार मुलगीच बाकीच्यांच्या मागे लागते, ‘आता तू मले सांगून दाखव.’ गट तुम्हीच पाडा, महिनाभर तेच ठेवा. तीन मुलांत एकटी मुलगी मात्र टाकू नका, ती बोलतच नाही.

प्रतिसाद ३
मी सध्या एम.एस्सी.ला आहे. मान डोलावणाऱ्यांत मी होतो. पार्शल प्रेशर (मिश्रणातल्या एकेका वायूचा स्वतःचा दाब) म्हणजे काय ते कळलं नव्हतं आणि इंग्रजीत विचारायची लाज वाटायची. चर्चा कोणत्याही भाषेत चालेल, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मॅडम, तुम्ही सांगा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी करून पाहिलं. प्रश्न: बंद भांड्यात तापवलेलं कॅल्शियम कार्बोनेट समतोलात आहे, त्यात तेच आणखी टाकलं तर कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढेल का? ६२ पैकी २३ बरोबर. भाषेची मोकळीक दिली. मागच्या बाकावर एक जण शेजाऱ्याला सांगत होता, ‘झाकलेल्या गंजात (पातेल्यात) पाणी जास्त टाकलं म्हणून वाफेचा दाब वाढते का बे? तसंच आहे हे.’ माझ्या १२ मिनिटांत हे उदाहरण नव्हतं! दुसऱ्यांदा ४१ बोटं बरोबर.

मात्र एका प्रश्नाला १९ मिनिटं गेली. या वेगानं अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही. पहिल्या वर्षाचा कोणता भाग तुम्ही वर्गात न शिकवता घरी वाचायला देता, आणि तो वाचून आलेत हे कसं बघता?