‘लयकारिका’: लय कशाचा, आणि तिला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणावे का?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. पेशीअंगकांच्या धड्यात ‘लयकारिका’ (लायसोसोम, पेशीतली पचनाचे काम करणारी इवली पिशवी) हा शब्द आला की दरवर्षी वर्ग कुठेतरी अडखळतो. यंदा एका मुलाने, ज्याच्या घरी तबल्याचा रियाज चालतो, ‘लयकारी म्हणजे दुगुन-चौगुन ना, मॅडम?’ असे विचारले आणि सगळे हसले. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लयकारिकांना आत्मघाती पिशव्या म्हणतात, तर ज्याला लयकारिकांचा आजार होतो त्याच्या पेशी आतून फुटत जातात का, असे तिचे म्हणणे होते. ‘तसेच काहीसे’ म्हणून मी वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिले आहे. या शब्दाची फोड कशी करावी? आणि ते उपनाव शिकवावे की गाळावे? जाता जाता ‘पेशी’विषयीही कोणी लिहिले तर बरे होईल, कारण आमच्याकडे ‘उद्या बाबांची पेशी आहे’ असे मूल म्हणाले तर त्याचा अर्थ कोर्टाची तारीख असा असतो.

उत्तर

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी बरीच वर्षे धंतोलीतल्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या तपासण्या केल्या, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले त्याच्या आधारे लिहितो.

आधी फोड. इथला ‘लय’ तबल्याचा नव्हे, तर ‘उत्पत्ती, स्थिती, लय’ यांतला, म्हणजे विरून जाणे, मोडून मिसळून जाणे. लयकारिका म्हणजे लय घडवणारी. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव यांनी १९५५ साली ‘लायसोसोम’ हे नाव ठेवले, ते ‘विघटन’ आणि ‘शरीर’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून. हिंदीने ‘लयनकाय’ करून दोन्ही अर्थ राखले. मराठीने ‘काय’ सोडून दिला आणि त्या जागी काम करणारी आणून बसवली. माझ्या मते हा बदल फायद्याचा झाला, कारण नाव कामाचे असले की रोगाविषयीचा प्रश्न त्यातच दडलेला असतो: लय झालाच नाही तर?

आणि लयकारिकांच्या आजारांत नेमके हेच होते. पिशवी फुटत नाही, पिशवीत माल साचतो. गॉशे नावाच्या आजारात एक विशिष्ट विकर (एन्झाइम) पुरेसे काम करत नाही, त्यामुळे जुन्या रक्तपेशींच्या पटलांतून येणारा एक स्निग्ध पदार्थ भक्षक पेशींच्या लयकारिकांत पडून राहतो आणि पाणथरी, यकृत, हाडे यांना त्याचा भार सोसावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी एकदा पाहिली की विसरता येत नाही. ती फुगलेली असते, केंद्रक एका कडेला ढकललेले असते, आणि उरलेल्या पेशीद्रव्यावर बारीक चुण्या दिसतात, जणू संक्रांतीनंतर गच्चीवर चुरगळून पडलेला पतंगाचा पातळ कागद. फुटलेले असे त्यात काहीही नसते. ठासून भरलेली, काम तुंबलेली पेशी असते ती.

पाँपे आजाराची कथा शब्दांच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. डच डॉक्टर पाँपे यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा लयकारिकेला नावच नव्हते. १९६३ मध्ये एर्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) मोडणारे लयकारिकेतील एक विकर हा आजार झालेल्या मुलांमध्ये नसते, म्हणून ग्लायकोजेन हृदयाच्या आणि इतर स्नायूंत साचत जाते. आज या गटात पन्नासहून अधिक आजार मोजले जातात आणि त्यांतले बहुतेक आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतात.

मग ‘आत्मघाती पिशवी’ आली कुठून? लयकारिकांतील विकरे बाहेर पडली तर पेशी स्वतःच पचून जाईल, हा सुरुवातीच्या काळातला तर्क. तो अगदी निराधार नाही, पण ही विकरे आतल्या आम्लात, म्हणजे पीएच सुमारे ५ असताना, जोमाने काम करतात आणि पेशीद्रव्याचा पीएच ७.२ च्या आसपास असतो. एखाददुसरी लयकारिका गळाली म्हणून पेशी मरत नाही. पेशीच्या नियोजित मृत्यूचे मुख्य काम तर पेशीद्रव्यातली कॅस्पेज नावाची वेगळीच विकरे करतात. उलट लयकारिका पेशीचे जुने, मोडके भाग पचवून त्यांतला कच्चा माल परत वापरायला देते. जी रोज पेशीला जगवते तिला आत्मघाती म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मी असतो तर ते उपनाव फळ्यावर लिहिले नसते.

एक जोड देतो. ‘आय-सेल’ या आजारात विकरे तयार होतात, पण गॉल्गी संकुलात, म्हणजे पेशीतला तयार माल जिथून योग्य जागी रवाना होतो त्या अंगकात, त्यांच्यावर लागणारी मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागत नाही. पेटीवर गावाचे नाव नसलेली संत्री कळमना बाजारातून भलत्याच ट्रकात चढावीत, तशी ती लयकारिकेत न जाता पेशीबाहेर पडतात आणि रक्तात सापडतात. आजार लयकारिकांचा म्हणून नोंदला जातो, खोट मात्र गॉल्गी संकुलातली असते.

दुसरे उत्तर

वरील विवेचनात भर म्हणून ‘पेशी’विषयी थोडे लिहितो. मी संस्कृतचा अभ्यासक आहे, जीवशास्त्राचा नाही. कोर्टातली पेशी फारसीतल्या ‘पेश’ची, म्हणजे समोर हजर होण्याची. विज्ञानातली पेशी संस्कृत, पण तिचा मूळ अर्थ मांसाचा पिंड असा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील पेशी पाचशे आणि स्नायू नऊशे सांगितले आहेत, आणि तिथे पेशी म्हणजे आजचा मसल, तर स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू. मराठीने पुढे ‘स्नायू’ मसलला दिला आणि मोकळी झालेली ‘पेशी’ सेलला. हिंदीने सेलसाठी ‘कोशिका’ घेतली आणि ‘मांसपेशी’ जिथल्या तिथे ठेवली. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजे नर्व्ह. छिंदवाडा-बालाघाटकडून नागपुरात उपचारांना येणाऱ्या माणसाच्या हिंदी कागदावर ‘मांसपेशियों की कमजोरी’ असे लिहिलेले असते, ते मराठी वाचकाने ‘मांसाच्या पेशींचा अशक्तपणा’ असे वाचले तर त्याला दोष देता येणार नाही. अर्थ मात्र स्नायूंचा अशक्तपणा एवढाच असतो.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार, सर. तक्त्यावरच्या त्या उपनावावर मी कागद चिकटवला आहे. आता मुलीला उत्तर लिहून देताना एक शंका आली: ‘लयकारिकेत साठा होतो’ म्हणावे की ‘लयकारिकांत’? मुले तर अनेकवचन ‘लयकारिके’ असेही करतात.

उत्तर

‘लयकारिके’ हे अनेकवचन चूक आहे, मॅडम. एक लयकारिका, अनेक लयकारिका. तंतुकणिका, रिक्तिका यांचेही तसेच. ‘लयकारिके-’ हे फक्त एकवचनाचे सामान्यरूप. आकृतीतल्या एकीकडे बोट दाखवताना ‘लयकारिकेत’ म्हणावे. आजाराविषयी लिहिताना मात्र ‘लयकारिकांत साठा होतो’ असेच लिहावे, कारण सदोष जनुक शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो आणि तो पदार्थ जिथे जिथे मोडायला येतो तिथल्या लयकारिका एकदमच भरू लागतात.