बसण्याची सवय आणि शोची रिंग: एकाच पिल्लाला दोन्ही शिकवता येईल का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
आमची लॅब्राडोर मादी चंपा साडेचार महिन्यांची आहे. तिला कुत्र्यांच्या शोमध्येही (रिंगणात परीक्षक कुत्र्याची ठेवण व चाल पाहतात) उतरवावे आणि पुढे ओबिडिअन्सच्या, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेतही, अशी आमची इच्छा आहे. परंतु पहिला शब्द 'सिट' शिकवल्यामुळे मी थांबले की ती लगेच बसते. परीक्षकांसमोर तर तिने उभे राहायला हवे. मग बसणे मोडून काढावे का?

उत्तर १ (मांजलपूर)
ताई, मोडू मुळीच नका. त्याच्या जोडीला 'स्टँड' शिकवा. कुत्री शब्दाआधी आपला हात पाहतात. खाऊ डोक्यावरून मागे नेला की पिल्लू बसते, आणि तोच नाकाच्या उंचीवर धरून सरळ पुढे आणला की ते उठून उभे राहते. चारही पाय स्थिर झाले की त्याच क्षणी खाऊ द्या. आरंभी दोन सेकंद पुरेत. ती बसलीच तर रागावू नका, एक पाऊल पुढे चला.
शोसाठी बारीक दोरीचा पट्टा आणि आज्ञापालनासाठी रुंद गळपट्टा, असा भेद पहिल्या दिवसापासून ठेवावा. शोमध्ये तिने सैल पट्ट्यावर, मान पुढे ठेवून दुडकत जायचे असते, तर ओबिडिअन्समध्ये डाव्या पायाशी चालून आपण थांबताच न सांगता बसायचे असते. हे दुसरे शिक्षण उभे राहणे पक्के झाल्यावरच सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ (अकोटा)
शोमध्ये परीक्षक दातही पाहतात, म्हणून दातांची तपासणीही आतापासून सवयीची करावी, पण हळुवारपणे. या वयात दुधाचे दात पडत असल्याने हिरड्या दुखतात. माझ्या कुत्र्याचे तोंड मी याच काळात बळाने उघडत असे. पुढे पहिल्या शोमध्ये परीक्षकांचा हात जवळ येताच तो मागे सरला, याची खंत मला अजून आहे. ओठ क्षणभर उचलावा, लगेच खाऊ द्यावा, आणि नंतर ओळखीच्या पाहुण्यांकडूनही तसेच करून घ्यावे. ओबिडिअन्समधील उड्यांचा सराव मात्र हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत नको.

प्रश्नकर्ती
आपणां दोघांचे आभार. काल ओसरीवर प्रयत्न केला, तेव्हा गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय घसरत होते व ती खाली बसत होती. सतरंजी अंथरल्यावर ती तीन सेकंद नीट उभी राहिली, शेपूट मात्र सारखी हलत होती.