कॉन्टेस्टवाले विरुद्ध डोंगरवाले: दोन दिवस नुसतं 'फाइव्ह नाइन' ओरडणं याला हॅम रेडिओ म्हणायचं का?

वीसमीटरवाला (धागाकर्ता)
दर ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला माझं डोकं फिरतं, यंदा म्हटलं लिहूनच टाकू. (नव्यांसाठी: हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणं.) सीक्यू वर्ल्डवाइड फोन, म्हणजे आवाजात बोलून जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची जागतिक कॉन्टेस्ट, सुरू झाली की शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच, पूर्ण ४८ तास, चाळीस, वीस, पंधरा, दहा मीटर (हे फ्रिक्वेन्सीचे पट्टे), कुठेही डायल फिरवा एकच पालुपद. "फाइव्ह नाइन ट्वेंटी टू" (फाइव्ह नाइन म्हणजे सिग्नल स्पष्ट आणि जोरात, बावीस हा आपला झोन, बाकीचे आपापला सांगतात). समोरचा जेमतेम ऐकू येतोय, कॉलसाइन (स्टेशनची ओळख) तीनदा विचारून घेतली, तरी रिपोर्ट फाइव्ह नाइनच! मग तो द्यायचाच कशाला? ना नाव, ना गाव, ना हवापाणी. चाळीस मीटरचा आमचा सकाळचा नेट (ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर भरणारा गप्पांचा कट्टा) तर पार आडवा होतो, पंचाहत्तरी ओलांडलेली मंडळी असतात हो त्यात, एकमेकांचा आवाज ऐकायला येतात आणि मध्येच कुणीतरी किलोवॉट ओतून सीक्यू कॉन्टेस्ट (सीक्यू म्हणजे कुणीही उत्तर द्या अशी हाक).
त्यापेक्षा पाच वॉटची रिग (रेडिओ सेट), लिथियम बॅटरी, अँटेनाला वीस मीटर वायर घ्या आणि डोंगरावर जा. १०० वॉटवरून ५ वर आलात तर फरक १३ डीबी, म्हणजे जेमतेम दोन एस युनिट (सिग्नलचा जोर मोजायच्या पायऱ्या). आणि शहरात एलईडी, चार्जर, लिफ्टचा ड्राइव्ह मिळून नॉइज एस ७ असतो तो वर एस १. सहा एस युनिट फुकटात. खरा ऑपरेटर तिथे घडतो, एअर कंडिशनरखाली नाही.

लॉगभरू
साहेब, गणित अर्धंच मांडलंत. तुम्ही डोंगरावर गेल्याने तुमच्या कानातला नॉइज कमी झाला, जर्मनीतल्या माणसाच्या शहरातला नाही. त्याला तुमचे पाच वॉट पाचच वॉट ऐकू येणार. तुम्हाला सगळं जग ऐकू येतं आणि जगाला तुम्ही नाही, मग चार तास सीक्यू करून घसा बसवून खाली येता.
आणि आता गंमत बघा. हे पाच वॉट हमखास कोण ऐकतं? कॉन्टेस्टवालेच! कारण मोठ्या टॉवरवर बीम (एका दिशेला रोखलेली अँटेना) घेऊन ते दोन दिवस कान लावून बसलेले असतात आणि त्यांना भारत हवाच असतो. व्हीयू (भारतीय कॉलसाइनची सुरुवात) म्हणजे एक कंट्री मल्टिप्लायर (ज्याने पॉइंट गुणले जातात), वर झोन २२ वेगळा, युरोप अमेरिकेशी झालं तर तीन पॉइंट. एरवी तुमच्या कुजबुजीकडे ढुंकून न बघणारा माणूस त्या दिवशी "अगेन अगेन" करत पाचपाचदा विचारून कॉलसाइन पूर्ण करून घेतो. दुपारी दोन ते सहा दहा आणि पंधरा मीटरवर युरोप उघडा असतो तेव्हा जा वर आणि बघा.
गप्पांचं म्हणाल तर पोटावाले (उद्यानांतून बोलणारे) काय वेगळं करतात? दहा क्यूएसओ (संपर्क) झाले की अ‍ॅक्टिव्हेशन पक्कं, सोटाला (डोंगरमाथ्यावरून बोलणं) तर पॉइंटसाठी चारच पुरतात. तिथेही फाइव्ह नाइन, थँक्यू, सेव्हंटी थ्री (शुभेच्छा), नेक्स्ट. त्या लोकांनी मला हवापाणी कधी सांगितलं ते आठवत नाही.

भटकी वायर
दोघांनाही नमस्कार. मी डोंगरवाली, पण वीसमीटरदादांचं "खरा ऑपरेटर" वगैरे पटलं नाही. आम्ही काही तप करायला जात नाही, मजा येते म्हणून जातो. दगडाला दोरी बांधून झाडावर फेकायची, ती तिसऱ्याच फांदीत अडकते, खाली कुणीतरी चहाचा कप घेऊन सल्ले देत असतो. वायर टांगायला गळाची फोल्डिंग काठी उभी केली की ठरलेला प्रश्न, "मॅडम, डोंगरावर मासे?" दुसरा प्रश्न क्रिकेटचा स्कोअर लागतो का. एकदा एक आजोबा तासभर शेजारी बसले, हेडफोनचा एक कान त्यांना दिला, जपानी माणूस लागला तर म्हणाले याला विचार तिकडे पाऊस आहे का. विचारला. होता.
एक मात्र सांगते, गडांवर जाताना डोकं वापरा. संरक्षित वास्तू असते, खुंट्या ठोकायच्या नाहीत, तटबंदीला वायर बांधायची नाही, लायसन्सची प्रत खिशात ठेवायची. एकाच्या उद्योगाने सगळ्यांचं बंद होतं.

डिटडा
लॉगभरूला +१. शिवाय कॉन्टेस्टशी डोंगराचं वाकडं आहे हे कुणी सांगितलं? डब्ल्यूआरटीसी (हॅम संघांची जागतिक स्पर्धा) बघा, २०१८ ला जर्मनीत विटेनबर्गजवळ शेतात तंबू ठोकून झाली, सगळ्यांना सारखे अँटेना, १०० वॉटची मर्यादा. पैसा आणि टॉवर बाजूला, कान आणि डोकं किती चालतं तेवढंच उरतं.

वीसमीटरवाला
भारी आहे ते, मान्य. पण आपल्याकडचं नेहमीचं तुणतुणं, "कॉन्टेस्टमुळे आपत्तीत उपयोग होतो", ते कुणी वाजवू नका. आपत्तीत पूर्ण निरोप नीट उतरवून घ्यावा लागतो, नावं, गावं, औषधं. दोन सेकंदांत फाइव्ह नाइन म्हणून पुढे पळायची सवय तिथे नडेल.

लॉगभरू
वाजवणारच. डिसेंबर २००४ ला आपल्या हॅम भारती प्रसाद आणि टीम अंदमानला कशाला गेली होती? डीएक्सपेडिशनला, म्हणजे जगभरच्या लोकांचे लॉग भरायला. २६ तारखेला सुनामी आली आणि तोच सेट, त्याच अँटेना निरोपांना लागल्या. कॉन्टेस्ट आणि डीएक्सपेडिशन एक नाही हे कळतं मला, पण पाइलअप (एकाच वेळी हाका मारणाऱ्यांची गर्दी) उपसायची सवय एकच. गोंगाटातून अर्धी कॉलसाइन पकडणं नेटवर बसून येत नाही.

नवा व्हीयूथ्री
मध्येच विचारतो. माझं लायसन्स रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, म्हणजे ५० वॉटच. सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नाही, सेक्रेटरी म्हणतात रेडिएशन (शेजारच्या बिल्डिंगवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याचं भाडं येतं म्हणून ते रेडिएशन चालतं). माझ्याकडे डोंगराशिवाय पर्याय काय?

भटकी वायर
मग कॉन्टेस्टच्याच दिवशी चढ. तिथे क्यूआरपी ही ५ वॉटची वेगळी कॅटेगरी आहे, तुझे ५० लो पॉवरमध्ये धरतील. सीक्यू करू नकोस, डायल फिरवत जे ओरडतायत त्यांना उत्तर देत जा. एन्ड फेड वायर (एका टोकाने जोडलेली अँटेना), ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, बास. आणि बॅटरीचा हिशेब आधी कर, ५० वॉटला करंट बराच खेचते, पाच वॉटवर तीच दिवसभर पुरेल.

वीसमीटरवाला
सगळं ठीक, नेटचं काय ते कुणीच बोलत नाहीये.

डिटडा
सतरा मीटरवर न्या. तीस, सतरा, बारा मीटरवर कॉन्टेस्ट होतच नाहीत.

वीसमीटरवाला
अरे देवा. पुण्याहून नागपूर, नाशिकहून कोल्हापूर बोलायचंय, सतरा मीटर डोक्यावरून उडून थेट परदेशात पडणार. तीसवर तर फोन, म्हणजे आवाजात बोलणं, करतच नाहीत. चाळीसचीच गरज असते सकाळी, म्हणून तर भांडतोय.

लॉगभरू
बरं, मग त्या दोन सकाळी ऐंशी मीटर? ऊन चढायच्या आत.

वीसमीटरवाला
ऐंशीचा डायपोल (दोन बाजूंना ताणलेली वायरची अँटेना) चाळीस मीटर लांब. आमच्या नेटमधल्या काकांच्या गच्चीवर वाळवणाची दोरी लावायलाही परवानगी लागते. तुम्हीच साडेसात ते साडेआठ ती फ्रिक्वेन्सी सोडा ना.

लॉगभरू
मी सोडतो. इंडोनेशियाला कोण सांगणार?